पुन्हा एकदा ‘द प्लॅनेट्स’, की एकदा तरी बॅक्सची सिम्फनी?

मांडवीकर, रत्नागिरी

सर्व रसिकांना नमस्कार.

आमच्या घराच्या माडीवर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकण्यासाठी जमतो. संग्रहाचा मूळ गाभा माझ्या वडिलांचा आहे. ते व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते आणि बोट लिव्हरपूलला किंवा साउदॅम्प्टनला लागली की दोन-चार ध्वनिमुद्रिका घेतल्यावाचून परत येत नसत, त्यामुळे आमच्याकडे ब्रिटिश संगीत पुष्कळ आहे. दर वर्षी घट बसण्याच्या सुमारास मी सगळ्या तबकड्या कपाटाबाहेर काढतो आणि पावसाळ्यात धरलेली बुरशी पुसतो. यंदा पुसता पुसता प्रथमच नीट यादी केली, तेव्हा असे दिसले की होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’च्या सहा, एल्गारच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’च्या पाच आणि व्हॉन विल्यम्सच्या ‘द लार्क असेंडिंग’च्या चार वेगवेगळ्या ध्वनिमुद्रिका घरात आहेत, आणि मोरान, रब्रा, फिन्झी या ब्रिटिश रचनाकारांची एकही नाही. वडिलांची आवड काही इतकी अरुंद नव्हती. दुकानात जे समोर मांडलेले असे, तेच त्यांनी घेतले असणार.

आर्नल्ड बॅक्सची मात्र एक रचना निघाली, ‘टिंटॅजेल’. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका कड्यावर पडका किल्ला आहे आणि खाली अटलांटिक समुद्र आदळतो. तेथे १९१७ च्या उन्हाळ्यात घालवलेल्या दिवसांतून ही रचना निर्माण झाली. गेल्या रविवारी आम्ही ती बार्बिरोलींच्या संचालनाखाली ऐकली. ज्याने विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून भरतीच्या लाटा बुरुजाच्या पायाशी फुटताना पाहिल्या आहेत, त्याला त्या पितळी वाद्यांचे सूर समजावून सांगावे लागत नाहीत. रचना संपल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, की या माणसाने आणखी काय लिहिले? सात सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक खंडांच्या मोठ्या रचना, लिहिल्या, हे मी पुस्तकात पाहून सांगितले. त्यांतली एकही आमच्यापैकी कोणी ऐकलेली नव्हती.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ध्वनिमुद्रण कंपन्या पुन्हा पुन्हा त्याच परिचित रचनांकडे का वळतात आणि एखादी दुर्लक्षित रचना निवडायची झाली तर ती कशाच्या आधारावर निवडतात? आणि माझा पुतण्या नाताळात इंग्लंडहून घरी येणार आहे, तो दहा सीडी आणू शकेल. त्या कोणत्या असाव्यात?

जमाखर्च, वेंगुर्ला

नमस्कार मांडवीकर.

माझी नोकरी हिशेबतपासनिसाची होती आणि ब्रिटिश संगीताची आवड मला मुंबईत असताना लागली, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाकडे मी पैशाच्या बाजूने पाहतो. रसिकाला ही बाजू रुक्ष वाटते, परंतु कोणते संगीत आपल्या कानापर्यंत पोहोचणार, हे बहुतांशी तेथेच ठरते.

वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण तीन-तीन तासांच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राला साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादकांचे मानधन, सभागृहाचे भाडे आणि तंत्रज्ञांचा मोबदला द्यावा लागतो. ‘एनिग्मा’ लंडनच्या कोणत्याही वाद्यवृंदाच्या हातात बसलेली असते. रब्राची एखादी सिम्फनी त्यांनी पूर्वी वाजवलेलीच नसते, म्हणजे ती आधी शिकावी लागते, आणि शिकण्याच्या वेळेचेही पैसे लागतात. शिवाय प्रत्येक वादकापुढच्या स्वरलिपीच्या प्रती प्रकाशकाकडून भाड्याने आणाव्या लागतात. काही वेळा त्या हस्तलिखितावरून उतरवलेल्या आणि चुकांनी भरलेल्या असतात, आणि त्या दुरुस्त करण्यात आणखी दिवस जातात.

त्यात कॉपीराइटची भर पडते, आणि या मुद्द्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ब्रिटनमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत हक्क चालू राहतात. एल्गार, होल्स्ट आणि डिलियस हे तिघेही १९३४ साली गेले, त्यामुळे २००५ पासून त्यांच्या रचना मुद्रित करण्यासाठी रचनेचे स्वामित्वधन द्यावे लागत नाही. बॅक्स १९५३ मध्ये गेला, म्हणजे त्याचे हक्क २०२३ अखेरपर्यंत होते. फिन्झीचे २०२६ अखेरपर्यंत आहेत, व्हॉन विल्यम्सचे २०२८ अखेरपर्यंत, आणि रब्रा १९८६ मध्ये गेल्यामुळे त्याचे तर २०५६ पर्यंत चालतील. ज्याचा खप निश्चित आहे त्याच्यावर स्वामित्वधन नाही आणि ज्याचा खप अनिश्चित आहे त्याच्यावर आहे, अशा परिस्थितीत कंपनीचा कारभार पाहणारा माणूस कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला नको. आताच्या स्ट्रीमिंगच्या काळात तर बहुतेक ठिकाणी मोबदला ट्रॅकमागे मोजला जातो, म्हणजे चार मिनिटांचे गाणे आणि सिम्फनीचा वीस मिनिटांचा खंड यांना एकच माप लागते.

तरीही दुर्लक्षित रचना मुद्रित होतात, आणि त्यामागची व्यवस्था मला फार मोलाची वाटते. १९३४ मध्ये संचालक बीचम यांनी डिलियसच्या ध्वनिमुद्रिका कोलंबियासाठी केल्या, त्या आगाऊ वर्गणीदार गोळा करून. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ काढतात, तसाच हा प्रकार होता. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश कौन्सिलने पैसे दिले म्हणून १९४२ मध्ये मोरानची सिम्फनी आणि १९४३-४४ मध्ये बॅक्सची तिसरी सिम्फनी हॅले वाद्यवृंदाकडून मुद्रित झाली. आजही चँडॉस या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीच्या अनेक दुर्मीळ ध्वनिमुद्रिका बीबीसी फिलहार्मोनिक किंवा बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स यांच्या असतात, याचे एक कारण असे, की या वाद्यवृंदांतील वादकांचा पगार प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून होतो आणि प्रसारण व ध्वनिमुद्रण यांची सांगड घालता येते.

परंतु मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण ‘द प्लॅनेट्स’चेच आहे. होल्स्टची मुलगी इमोजेन हिने वडिलांच्या रचनांच्या उत्पन्नातून होल्स्ट फाउंडेशन उभे केले, आणि त्याच निधीच्या आधारावर कॉलिन मॅथ्यूज यांनी १९८९ साली एनएमसी ही केवळ नव्या ब्रिटिश संगीतासाठी काम करणारी कंपनी काढली. व्हॉन विल्यम्स यांनी तर १९५६ साली, हयात असतानाच, आपल्या रचनांचे उत्पन्न इतर रचनाकारांच्या उपयोगी पडावे म्हणून न्यास स्थापन केला. म्हणून मांडवीकर, आपल्या वडिलांनी आणलेल्या त्या सहा ‘प्लॅनेट्स’बद्दल मनात खंत बाळगू नका. त्यांनी तेव्हा मोजलेल्या किमतीतला एखादा पैसा पुढे कोणा अनोळखी रचनाकाराच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी खर्च झालेला असणे शक्य आहे.

शिवनदीकाठ, चिपळूण

जमाखर्चकाकांनी हिशेब फार चांगला मांडला आहे. मी त्यात थोडा मतभेद नोंदवते.

पैशाने निवड ठरते हे खरे, पण ‘परिचित’ आणि ‘दुर्लक्षित’ या काही कायमच्या जाती नाहीत. एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एक चेलोवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, घ्या. २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा उरलेल्या कार्यक्रमाच्या संचालकाने तालमीचा बहुतेक वेळ घेतल्यामुळे ही रचना कच्च्या तयारीनिशी लोकांपुढे आली आणि पडली. पुढे १९२८ मध्ये बिआट्रिस हॅरिसन यांनी एल्गारच्याच संचालनाखाली ती मुद्रित केली, इतर चेलोवादकांनीही वाजवली, पण घराघरांत ती गेली ती १९६५ नंतर, जेव्हा वीस वर्षांच्या जॅकलिन दु प्रे यांनी बार्बिरोलींबरोबर तिची ध्वनिमुद्रिका केली. हेच बार्बिरोली १९१९ च्या त्या पडलेल्या प्रयोगात चेलोवादकांच्या रांगेत बसून वाजवत होते. एखादी रचना दुर्लक्षित असताना तिच्या आत बसलेला माणूस शेहेचाळीस वर्षांनी तिला परिचित करतो, हे मला विलक्षण वाटते. आज ज्याला आपण ‘सुरक्षित निवड’ म्हणतो, ती एके काळी कोणाच्या तरी हट्टाने तगलेली असते.

दुसरी गोष्ट मी थोडी कडक बोलणार आहे. दुर्लक्षित आहे म्हणून ते थोर आहे, असे मानण्याचा मोह आपल्यासारख्या संग्राहकांना होतो आणि तो टाळला पाहिजे. हॅवर्गल ब्रायनची ‘गॉथिक’ सिम्फनी मी तीन वेळा ऐकली आहे. १९१९ ते १९२७ या काळात लिहिलेली ही रचना प्रथम १९६१ मध्ये सादर झाली, मार्को पोलो कंपनीने १९८९ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे तिचे ध्वनिमुद्रण केले आणि २०११ च्या लंडनमधील प्रॉम्स संगीत महोत्सवातील सादरीकरण हायपेरियनने प्रकाशित केले. शेकडो वादक-गायकांचा तो पसारा ऐकताना मी थक्क होते, परंतु तिसऱ्यांदा ऐकूनही तिचा कोणताही भाग माझ्या मनात घर करून राहिला नाही. उलट जेराल्ड फिन्झीचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो एकदा ऐकला आणि आठवडाभर स्वयंपाक करताना तेच सूर ओठांवर होते. टेड पेरी यांनी १९८० मध्ये हायपेरियन सुरू केली, तेव्हा पहिलीच ध्वनिमुद्रिका फिन्झी आणि स्टॅनफर्ड यांच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोंची काढली. वादक होत्या थिआ किंग. पैशाची चणचण असल्यामुळे पेरी त्या काळात टॅक्सीही चालवत असत. अशा माणसाने सुरुवात लोकप्रिय रचनेने केली असती, तर कोणी नाव ठेवले नसते.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. पहिली ध्वनिमुद्रिका कुतूहलातून निघू शकते, न्यासाच्या पैशातून निघू शकते, एखाद्याच्या वेडातूनही निघू शकते. दुसरी ध्वनिमुद्रिका निघते, तेव्हा दुसऱ्या कोणा संचालकाला त्या रचनेत स्वतःचे काही सांगायचे आहे, असे समजावे. बॅक्सच्या सातही सिम्फनींचे तीन संपूर्ण संच आहेत: ब्रायडन थॉमसन यांचा चँडॉसवर, डेव्हिड लॉइड-जोन्स यांचा नॅक्सॉसवर आणि व्हर्नन हँडली यांचा पुन्हा चँडॉसवरच, २००३ मधला. एकाच कंपनीने वीसेक वर्षांच्या आत तोच संच दुसऱ्यांदा केला, याचा अर्थ पहिल्या संचाला ऐकणारे मिळाले होते. मांडवीकरकाका, आपण हँडली यांचा संच मागवा. टिंटॅजेलनंतर थेट तिसऱ्या सिम्फनीकडे जा, कारण तिच्या अखेरीस जी शांतता येते, ती ऐकल्याशिवाय बॅक्स समजणार नाही.

सीडी मागवताना आतल्या पुस्तिकेसह मागवा, एवढे मात्र आवर्जून सांगते. २०२१ च्या जुलैतील पुरात माझ्या घरात पाच फूट पाणी होते. सीडी धुऊन पुन्हा वाजल्या, पण पुस्तिकांचा लगदा झाला. ‘प्लॅनेट्स’ची पुस्तिका गेली तर बिघडत नाही, तिच्याविषयी वाचायला ढीगभर पुस्तके आहेत. मोरानविषयी किंवा रुथ गिप्स या ब्रिटिश रचनाकर्तीविषयी मराठीत सोडाच, इंग्रजीतही सहज हाती लागेल असे फार थोडे आहे, आणि दुर्लक्षित रचनाकारांच्या बाबतीत पुष्कळदा ती आठ-दहा पानांची पुस्तिका हाच सर्वांत चांगला लेख असतो. नुसत्या स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला ती सहसा मिळत नाही.

पेटीमास्तर, सावंतवाडी

नमस्कार. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि पाश्चात्त्य संगीत फार उशिरा ऐकू लागलो. या विषयात मला एक नाव घालायचे आहे, जे आपल्यापैकी कोणी घेतले नाही: जॉन फोल्ड्स.

मँचेस्टरला १८८० मध्ये जन्मलेल्या या रचनाकाराचे ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ १९२३ मध्ये युद्धविरामाच्या स्मृतिदिनी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रचंड वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन सादर झाले, पुढची काही वर्षे दर वर्षी झाले, आणि १९२६ नंतर बंद पडले. फोल्ड्स १९३५ मध्ये भारतात आला, दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, भारतीय वादकांना घेऊन वाद्यवृंद बांधण्याचे प्रयोग त्याने केले आणि १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. त्याने येथे लिहिलेले बरेचसे संगीत हरवले. ‘रिक्विएम’चा आवाज पुन्हा उठला तो ११ नोव्हेंबर २००७ रोजी, त्याच सभागृहात, आणि चँडॉसने तो प्रकाशित केला. ऐंशीहून अधिक वर्षे ती रचना कागदावर झोपून होती.

माझ्यासारख्याने त्याच्याविषयी आस्था बाळगावी, यात एक अडचण आहे आणि ती लपवत नाही. पेटीचे सूर पक्के असतात, तिच्यात मींड येत नाही, म्हणून भारतीय संगीताला ती घातक आहे, असे फोल्ड्सने आकाशवाणीच्या नियतकालिकात १९३८ मध्ये लिहिले होते. १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. आमच्या गुरुजींनी ती बंदी सोसली. तरीही बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाने साकारी ओरामो यांच्या संचालनाखाली केलेले त्याचे ‘थ्री मंत्राज’ मी ऐकले, तेव्हा मी वाद विसरलो. मधल्या मंत्रातला शब्दहीन स्त्रीस्वरांचा गायकवृंद आमच्या देवळात पहाटे, काकडआरतीच्या आधी, जो एक गारवा असतो, त्याची आठवण करून देतो. असे संगीत एका कंपनीने जोखीम घेतली नसती तर मी या जन्मात ऐकले नसते.

येथे मला आपल्या संगीताशी एक फरक दिसतो आणि तो मला बोचतो. त्यांच्याकडे रचना लिहिलेली असते, म्हणून दुर्लक्षाची भरपाई शंभर वर्षांनीही होऊ शकते. आपल्याकडे गवय्याचे गाणे त्याच्याबरोबर जाते. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी एकही ध्वनिमुद्रिका दिली नाही, आणि आता कोणत्याही कंपनीने कितीही पैसा ओतला तरी ते गाणे परत येणार नाही, फक्त शिष्यांच्या गळ्यातून त्याचा अंदाज बांधता येतो. आमच्या दशावतारातल्या जुन्या गायकांचे काय झाले, हे आपण जाणतोच. ब्रिटिश कंपन्यांचा हा चोखंदळ व्यवहार आपण कोकणात बसून एवढ्या आस्थेने तपासतो आहोत, तर मांडवीकर, आपल्या रविवारच्या बैठकीत एखादा ध्वनिमुद्रक आणून या भागातल्या वयोवृद्ध भजनी बुवांचे गाणेही टिपून ठेवावे, अशी माझी विनंती आहे. विषयाला सोडून बोलतो आहे असे कृपया समजू नये.

खाडीपलीकडे, दाभोळ

मी बागायतदार आहे, म्हणून माझे मत एकाच नावापुरते आहे. जॉर्ज लॉइड हा कॉर्नवॉलचा, सेंट आइव्ह्जचा. दुसऱ्या महायुद्धात ‘ट्रिनिडाड’ या युद्धनौकेवर वादक म्हणून असताना तिच्याच टॉर्पेडोचा आघात तिच्यावर झाला, लॉइड जबर खचला, आणि पुढे अनेक वर्षे त्याने डॉर्सेटमध्ये कार्नेशनची फुले व अळंबी पिकवून पोट भरले. पहाटे उठून बागेच्या कामापूर्वी तो संगीत लिहीत असे. त्याची चौथी सिम्फनी १९४६ मध्ये पूर्ण झाली आणि प्रथम वाजली १९८१ मध्ये. ती अवश्य मागवा.

जमाखर्च, वेंगुर्ला

शिवनदीकाठताईंची ‘दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची’ कसोटी मला पटते, पण ती एका ठिकाणी अपुरी पडते. रिचर्ड इटर यांनी १९५९ मध्ये लिरिटा कंपनी काढली आणि बोल्ट यांच्यासारख्या संचालकांकडून अशा रचना मुद्रित करून घेतल्या, की त्यांतल्या काहींची दुसरी ध्वनिमुद्रिका दशकानुदशके निघाली नाही. तेवढ्यावरून त्या रचना उण्या ठरत नाहीत. त्या तबकड्या बाजारातून गेल्यावर त्यांतल्या पुष्कळ २००६-०७ नंतर सीडीवर उपलब्ध झाल्या, आणि मधल्या काळात त्या संगीताला श्रोतेच नव्हते, मग दुसरा संचालक कोठून पुढे येणार? एका माणसाच्या हिमतीवर चालणाऱ्या कंपनीचा हा धोका असतो. म्हणूनच २०२३ मध्ये हायपेरियन युनिव्हर्सलकडे आणि २०२४ मध्ये चँडॉस नॅक्सॉसचे संस्थापक क्लाउस हेमन यांच्याकडे गेली, तेव्हा माझ्या मनात आनंदापेक्षा काळजी अधिक होती. जुना कॅटलॉग जपला जाईल, याची मला बरीच खात्री वाटते. पुढच्या अनोळखी रचनेचा धनादेश कोण लिहील, याची वाटत नाही.

मांडवीकर, रत्नागिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बैठकीतल्या चौघांना बोलावून ही उत्तरे वाचून दाखवली आणि यादी ठरवली. हँडली यांचा बॅक्सचा संच पाच सीडींचा आहे. उरलेल्या पाचांत फिन्झी-स्टॅनफर्डचा क्लॅरिनेट, फोल्ड्सचे ‘मंत्राज’, लॉइडची चौथी, लिरिटावरची मोरानची सिम्फनी आणि चँडॉसवरची रुथ गिप्स यांची दुसरी व चौथी सिम्फनी, अशा असतील. सगळ्या पुस्तिकेसह मागवल्या आहेत आणि पुस्तिका प्लॅस्टिकच्या डब्यात, वरच्या फळीवर राहतील.

पेटीमास्तर, आपली विनंती विषयाला सोडून मुळीच नाही. माझ्या भाच्याकडे चांगला ध्वनिमुद्रक आहे. आमच्या पाखाडीतल्या एका बुवांचे वय ८७ आहे आणि त्यांना जुन्या चालीचे अभंग येतात, तेव्हा मार्गशीर्षात त्यांच्या पडवीत बसण्याचे ठरवले आहे. साथीला पेटीवर आपण याल का? सावंतवाडीहून सकाळच्या गाडीने निघालात तर संध्याकाळपर्यंत बैठक होईल, आणि मुक्काम आमच्याकडेच करावा.